बांगड्यांसकट

कामशेत स्टेशनच्या बाकावर एक म्हातारी आणि तिच्या शेजारची तरणी मुलगी येऊन टेकल्या, तशी आधीपासून तिथं बसलेल्या अनघानं त्यांचं बोलणं ऐकायला हातातलं पुस्तक मिटलं.

"मावशी, ही भाकरी कुणाला बांधलीत?"

"तुज्या सरांना. रेडिओची गोष्ट करायला शिकवत्यात ना तुला!"

"पहिली परत केली त्यांनी. म्हणाले, भाकरी थापल्याचं ऐकू येतंय, पण थापणाऱ्या सरूमावशी कुठायत?"

"मधी आवाज नगं म्हनून मीच बांगड्या काढून ठिवल्या व्हत्या."

"म्हणून तर काल पुन्हा रेकॉर्ड केलं, बांगड्यांसकट. आज तुम्ही शेतावर गेल्यावर आबांना ऐकवलं."

"माजा म्हातारा डोळ्यांनी आंधळा मानूस. काय म्हनला?"

"ताट चाचपलं आणि म्हणाले, 'सरू, आलीस व्हय? गरम हाय तवर वाढ.'"