साखरपुडा मोडला, जेवण उरलं

...आणि वर मलाच विचारतात, 'शशीकाका, तुम्हाला कसं वाटतंय?' अहो, कसं वाटतंय काय? काही वाटत नाहीये! मुलीचा साखरपुडा मोडल्यावर बापाला कसं वाटायला हवं, याचा काही क्लास असतो का इथे आमच्या पार्सिपनी गावात? असला तर सांगा, जाऊन बसतो. कारण तुम्हाला सांगतो, खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. गाल आपलाच, पण हात लावला तर शेजाऱ्याचा वाटतो... तसं.

झालं काय, आमची इशिता आणि तो राफाएल. चार वर्षं बरोबर. मुलगा चांगला हो, डॉमिनिकन घरातला, म्हणजे घरी स्पॅनिश बोलणारे लोक, आल्यावर पाया पडायचा, कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक, माझ्या बायकोच्या, लतिकाच्या पडायचा तो पडायचाच, एकदा आमच्या प्लंबरच्याही पडला. साखरपुडा ठरला. हॉल नको, म्हणाले, डोव्हरला ते एक लॅटिन-कॅरिबियन रेस्टॉरंट आहे ना, तिथे दोघं पहिल्यांदा भेटले, तिथेच. चाळीस माणसं. आमच्याकडची वीस, त्यांच्याकडची वीस. आणि तीन आठवडे आधी हा पठ्ठ्या म्हणतो काय, 'आय ऍम नॉट रेडी.' नॉट रेडी! अरे, तू काय भात आहेस का, शिटी व्हायची राहिली म्हणून? आणि दुसऱ्या दिवशी गेला टेक्ससला. नोकरी म्हणे.

इशिता रडली नाही. एक टिपूस नाही. ऑफिसला जायची, यायची, 'आय ऍम फाइन, बाबा.' लतिका देवासमोर बसायची आणि काही मागायची नाही, नुसती बसायची. आणि मी? मी गवत कापत होतो. रोज. गवत वाढलंच नव्हतं तरी.

बरं, पाहुण्यांना सगळ्यांना कळवलं. त्यांच्याकडच्यांना त्यांनी, आमच्याकडच्यांना आम्ही. पण रेस्टॉरंटला? मला वाटलं लतिकानं केलं कॅन्सल. लतिकाला वाटलं इशितानं केलं. इशिताला वाटलं मी केलं! तीन शहाणी माणसं एका घरात, आणि शनिवारी दुपारी मी गवताच्या मशीनवर असताना फोन. बाई बोलतेय. मालकीण. योलांडा. म्हणते, 'पापी! व्हेअर आर यू, पापी?'

पापी! मला! मी हादरलोच हो. म्हटलं, हिला कुणी सांगितलं? मी काय पाप केलंय? लग्न काय माझ्यामुळे मोडलं? नंतर इशिता म्हणाली, बाबा, त्यांच्यात प्रेमानं म्हणतात तसं. प्रेमानं म्हणतात! असेल. बाई म्हणाली, जेवण तयार आहे, फुगे लावलेत, पाहुणेसुद्धा यायला लागलेत.

म्हटलं, पाहुणे? कोण पाहुणे?

गेलो तिघं. म्हटलं, फोनवर नको, तोंडावर जाऊन माफी मागू. मी गवत कापायच्या टी-शर्टातच. आत गेलो तर समोर हे एवढं टेबल, चाळीस ताटल्या, भिंतीवर 'इशिता अँड राफाएल', सोनेरी फुग्यांत, एकेक अक्षर एवढं मोठं. आणि तुम्हाला सांगतो, मला काही वाटलं नाही. मी आपला स्पेलिंग बघत होतो. बरोबर होतं.

आणि त्या चाळीस खुर्च्यांत एकच माणूस. मधोमध. निळा झगा, मोत्यांची माळ, मांडीवर पर्स. राफाएलची आजी! मर्सिडीस आजी. हो, गाडीसारखंच नाव. कुणीतरी भाचा दारात सोडून गेला होता. म्हणजे त्यांच्याकडे तरी काय झालं असणार? एकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं, दुसऱ्याला वाटलं तिसऱ्यानं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपल्यातलेच लोक!

म्हातारीला इंग्रजी येत नाही. आम्हा नवरा-बायकोला स्पॅनिश येत नाही. इशिताला पाहून ती उठली, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं, मुके घेतले, आणि बघायला लागली दाराकडे. नातू कुठाय? आता सांगणार कोण? मी लतिकाकडे बघितलं, लतिकानं योलांडाकडे, योलांडानं फुग्यांकडे, आणि योलांडाला ते कळलं हो. बाई हुशार. आत गेली, दोघांची नावं लिहिलेला केक आणला होता तो बाजूला नेला, आणि सुरीनं अशी हळूच... राफाएल खरवडून काढला. क्रीमसकट. चाटलासुद्धा.

मग इशिता खाली बसली. जमिनीवर, म्हातारीच्या पायाशी. आणि बोलायला लागली स्पॅनिशमध्ये, अडखळत अडखळत, त्या मुलानंच शिकवलेलं स्पॅनिश. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. म्हातारी ऐकत होती. ऐकून संपलं तरी ऐकत होती. मग एकच शब्द बोलली, 'बोबो!' बावळट! याचं भाषांतर कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि मग माझ्या पोरीनं तिच्या मांडीत डोकं घातलं आणि रडली. तीन आठवड्यांचं. खांदे हलत होते. आई उभी, बाप उभा, आणि पोर रडतेय कुणाच्या मांडीत, तर ज्यानं सोडलं त्याच्या आजीच्या! आणि मी काय केलं सांगू? मी भात वाढून घेतला. खरंच. समोर मोठं पातेलं होतं, भात आणि राजमा, एकत्र शिजवलेला, डाव होता, मी घेतला वाढून. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. खाल्ला. चव? काही नाही. मला काही वाटलंच नाही.

तेवढ्यात म्हातारी माझ्याकडे बघून म्हणते, 'कोमे! कोमे!' मला वाटलं, बोलावतेय, 'कम, कम'. ताट घेऊन गेलो शेजारी. तर पुन्हा, 'कोमे!' म्हटलं, आजी, आलोय की! अजून किती जवळ येऊ, मांडीवर बसू? इशिता रडता रडता हसली हो. नाक पुसत म्हणाली, 'बाबा, इट मीन्स ईट.' कोमे म्हणजे जेवा!

आणि मग त्या म्हातारीनं पदर खोचला. म्हणजे पदर नव्हता, पण खोचलाच म्हणा. उठली, सगळ्यांना वाढलं. केळ्याचे चपटे तळलेले काप, लसूण घालून ठेचलेल्या केळ्याचा डोंगर, आणि डुकराचं ते काय होतं, ते लतिकाच्या नाकासमोरून नेलं. लतिका शाकाहारी, घाबरून मान हलवतेय. म्हातारीनं बघितलं, थांबली, पातेलं तिरकं केलं, आणि तळाला चिकटलेला लालभडक कुरकुरीत भात उलथन्यानं खरवडून लतिकाच्या ताटात. 'कोनकोन!' योलांडा म्हणाली, हा मानाचा असतो, घरच्या माणसाला देतात. आणि आमची लतिका, तीन आठवडे न बोललेली बाई, ओरडली, 'अगं बाई! खरवड!' दोघी बसल्या कुडुमकुडुम खात. ही मराठीत, ती स्पॅनिशमध्ये. विषय बहुतेक माझाच होता, कारण मध्येच दोघी माझ्या टी-शर्टाकडे बघायच्या.

पण चाळीस माणसांचं अन्न! तर आजीनं पर्समधून फोन काढला, आणि थोड्या वेळात चर्चमधल्या तिच्या मैत्रिणी आल्या, हॅटबिट घालून. योलांडानं गाणी लावली. एक आजी मला ओढून घेऊन गेली नाचायला. मी नाचलो. गणपतीत नाचतो तसाच, दोन बोटं वर करून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इशितानं व्हिडिओ काढला. तो बघून लोक म्हणतात, काका, किती एन्जॉय करत होतात! अहो, पाय हलत होते फक्त. पाय वेगळा, मी वेगळा.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. इशिता मागे झोपली होती, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून. आरशात बघितलं तेव्हा मात्र जरा... जाऊ दे.

तर संपलं ना? नाही संपलं! लतिकानं नंबर दिला म्हातारीला. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल. तासभर. एकमेकींना काही कळत नाही, भांडण व्हायचा प्रश्नच नाही. आणि मी आजींना चर्चला सोडतो, भाच्याला वेळ नसतो म्हणून. आयुष्यभर टोयोटा चालवली, आता टोयोटात मर्सिडीस बसते. त्या बोलतात, मी आपलं 'सी, सी' म्हणतो. म्हणजे हो, हो. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

परवा इशिता होती मागे बसलेली. त्या उतरल्यावर म्हणाली, 'बाबा! डू यू नो व्हॉट यू जस्ट सेड येस टू?' म्हटलं, काय? तर ख्रिसमसला सगळ्यांनी त्यांच्याकडे जेवायला यायचं. राफाएल येणारे टेक्ससहून. नवीन मैत्रीण घेऊन! आणि येताना गोड आम्ही आणायचं.

इशिताला म्हटलं, नाही म्हणून कळवू का? तर खांदे उडवून म्हणते, 'नो, आय लाइक हर.' आजी आवडते म्हणे.

आता तुम्हीच सांगा, जावई नाही, सोयरीक नाही, काही नाही... आणि घरी लतिकानं पाच शेर दह्याचा चक्का टांगलाय.