तळ्याची ओहोटी

...आणि खिडकीकडची खाट तिला, भिंतीकडची मला. का, तर मुलगा तिचा. बरोबर आहे, मुलगा तिचा, तिकीट त्याचं, खाट तिची, आणि मी कोण, तर विमानात एकटीला भीती वाटते म्हणून सोबतीला नेलेली धाकटी जाऊ. पोटात दुखत नाही हं माझ्या, आपलं सांगते.

तुम्हाला सांगते, आमची थोरली सत्यवती, तिचा यतीन न्यूझीलंडला हॉटेलात स्वयंपाकी. दोन हजार सहा साली त्याने आम्हाला नेलं आणि आठ दिवस ठेवलं कुठे, तर डोंगरावरच्या तळ्याकाठी लाकडाच्या खोलीत. हा डोंगर म्हणे एके काळी आग ओकायचा, आता नुसता वाफा सोडतो. मागल्या दारी खड्ड्यात पाणी आपलं आपण कढत, चूल नको, लाकूड नको. थोरली दिवसातून दोनदा न्हायची आणि केस पुसत म्हणायची, "हौसा, माझ्या यतीनान माका कसला कढत पाणी दिल्यान गो." जसं काही खाली जाळ यतीननेच घातलाय! माझा निकेत मालवण स्टँडवर रिक्षा चालवतो, तो मला नेऊन नेऊन नेणार कुठे? इथल्या इथे कुणकेश्वरच्या देवळात. नेलंन हो, तेही नेलंन, नारळ पण घेऊन दिलान. पोटात दुखत नाही माझ्या.

पण मनात म्हटलं, हौसाबाई, मासळीबाजारात परत गेल्यावर हिच्या तोंडाला आठ दिवसांचं पुरेल, तुझं स्वतःचं म्हणून सांगायला काय? तेव्हा ठरवलं, ओहोटी लागली की तळ्यात उतरायचं, पातेलंभर तिसऱ्या, वाळूतल्या शिंपल्या हो, काढायच्या, आणि मायलेकांना वाढायच्या. सकाळी लुगडं खोचून काठावर बसले. पाण्याच्या कडेला दगड ठेवला खुणेला. बसले... बसले... पाणी दगडाला चिकटलेलं ते चिकटलेलंच. शेजारच्या खोलीतला गोरा म्हातारा येऊन बाजूला बसला, डोळे मिटून, त्याला वाटलं मी जप करतेय. दुपारी यतीन आला. "काकी, काय बघतंस गो?"

"ओहोटीची वाट बघतंय. हयची केव्हा लागता रे?"

"काकी, ह्या तळा. तळ्याक ओहोटी येणा नाय."

चार तास! दर्यावर जन्म गेला माझा, आणि मला कोणी सांगू नये? मागे थोरली उभी. म्हटलं, आता ही हसणार, मालवणभर करणार. तर ती हळूच म्हणते, "मी काल बसलंय थंय, तू न्हात होतंस तेव्हा. लाजेन बोलूक नाय."

घ्या. वेडेपणा केला, त्यातही ही माझ्या आदल्या दिवशी.

बरं, परत आलो. बाजारात थोरलीने टोपली खाली ठेवायच्या आधी सुरू केलं, "अगो, मी वेडी तळ्याची ओहोटी बघीत बसलंय..." सगळ्या बायका हसून हसून गडाबडा, काशीबाईने तर तिला मिठी मारली. मला राहवेना. म्हटलं, मीपण बसलेलंय, चार तास, हिच्यापेक्षा जास्त.

काशीबाईने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुका गो, सगळा तिच्यासारख्याच व्हया."

मला म्हणे सगळं तिच्यासारखंच हवं! ...पोटात दुखत नाही हं माझ्या. सुरमई घेणार काय, ते सांगा.