कापलेल्या बाह्या

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी आणि तिची नात उभ्या होत्या. माझ्या पिशवीत आईचा मखमली कोट होता. ती गेल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती.

“आजी, ओरडणार नाहीस ना?”

“आधी पिशवी उघड.”

“वर्षअखेरच्या पार्टीसाठी तुझ्या जुन्या झग्याच्या बाह्या कापल्या गं मी.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“सुटले बाई! इतक्या काचायच्या काखेत, की नाच सोडून मी भिंतीला टेकून बसायचे.”

“मग तूच का नाही कापल्यास?”

“माझ्या आईने शिवल्या होत्या ना. माझी कुठली छाती!”

“मग राग नाही आला?”

“नाच पोटभर. पण कडा दुमडून घे गधडे, धागे निघतायत.”

झगा शिंप्याकडे देऊन त्या हसत बाहेर पडल्या.

“तुमचं काय, ताई?”

मी कोट टेबलावर पसरला.

“आईचा आहे. माझ्या मापाचा करून द्या.”