दोन नावांचं एक मनगट

लिहा. अन्याय झाला तो यमुना रघुनाथ खरे हिच्यावर आणि शालिनी दामोदर करमरकर हिच्यावर, एकोणीसशे एकोणपन्नासच्या डिसेंबरात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, इथे इंदूरच्या कचेरीत. दोन बायका नव्हेत त्या, एकच आहे, मी. माहेरची यमुना, सासरची शालिनी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि जुन्या नावाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

जन्म माझा रामबागेतला, वडील होळकर दरबारात कारकून, पणजोबा फौजेतून आलेले, म्हणजे इंदूरचं पाणी चार पिढ्यांचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन कराचीला गेले, तिकडे आमचे हे मराठी शाळेत मास्तर, आणि काय सांगू तुम्हाला, कराचीत तेव्हा आपल्या लोकांचं गणपती-हळदीकुंकू असं चालायचं की परका मुलूख वाटायचाच नाही. मग देश तुटला. शाळा बंद पडली तसे हे आधी निघाले, म्हणाले जागा बघतो आणि दोघींना नेतो, कारण सासूबाईंना अर्धांगवायू, त्यांना हलवणार कसं? हे आले ते पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट लागायचा कायदा व्हायच्या आधी, म्हणून हे आपोआप इथले झाले. मी मागे राहिले, सासूबाईंचं सगळं केलं, त्या गेल्या, आणि मी फाल्गुनात शालिनी नावाचं परमिट घेऊन आले. सेवा केली म्हणून मी परकी! हा कायदा कुणी केला असेल त्याने कधी आजाऱ्याचं अंथरूण बदललेलं नसणार.

यांना उज्जैनला गिरणीत नोकरी लागलेली, खोलीत चार पुरुष, म्हणून मी बापूकडे, म्हणजे माझ्या भावाकडे रामबागेत राहिले. बापूने राशनकार्डात माझं नाव घातलं. काय घातलं? यमुना. बहिणीला भाऊ आणखी काय म्हणेल? शालिनी हे नाव त्याच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं.

आता नागरिकत्वाच्या अर्जाला अट अशी की मागचे सहा महिने सलग इथे राहिल्याचा पुरावा द्या, आणि संविधान लागू व्हायच्या आत अर्ज नोंदवा. जन्म मोजत नाहीत, सहा महिने मोजतात. त्या सोमवारी बाबूने एका हातात परमिट धरलं, एका हातात राशनकार्ड, आणि म्हणाला, बाई, छह महीने तो यमुना रही है, शालिनी कहाँ रही? मी म्हटलं दोन्ही मीच. म्हणाला, यहाँ सब यही कहते हैं. बापू म्हणाला, भिया, मी सख्खा भाऊ, मी सांगतो ना. तर म्हणे घरवालों की गवाही नहीं चलेगी. शेजारच्या काकू पदर खोचून पुढे आल्या तर म्हणे, माताजी, आपको सिखा के लाए हैं. काकू म्हणाल्या, माझ्या सासूला मला काही शिकवता आलं नाही, तिथे ही पोरं काय शिकवणार. पण कागद त्याने परत केले.

बाहेर बाकावर बसले होते. नवरा या देशाचा आणि मी कुठलीच नाही, एवढं एकच डोक्यात. बापू मात्र कागद घेऊन थेट अधिकाऱ्यांच्या खोलीत घुसला, मागोमाग मी. ते साहेब वयस्कर, त्यांनी परमिट नीट वाचलं, त्यात ओळखीची खूण लिहिलेली, उजव्या मनगटाचं हाड वर आलेलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडले, छावणीतल्या हाडवैद्याने बांधलं ते तसंच राहिलं. साहेब म्हणाले, घराबाहेरचं असं कोण आहे, ज्याने हे मनगट इथे सहा महिन्यांपूर्वी बघितलंय? माझ्या तोंडून निघून गेलं, चुडीवाला.

नूरभिया चुडीवाले. रामबागेतल्या सगळ्या घरांच्या बांगड्या त्यांच्या हातून. ते गेलेले सिमरोलच्या हाटाला. बापूने सायकल काढली, इतक्या लांब जाऊन, त्यांना मागे बसवून तिसऱ्या प्रहरी आणलं, दोघांचे चेहरे धुळीने माखलेले. बाबू बोलायचा तो बोललाच, औरत कराची की और गवाह ये मियाँ. नूरभिया शांतपणे म्हणाले, बाबूजी, आपकी अम्मा को भी हम ही पहनाते हैं. बाबू फाइलीत तोंड घालून बसला.

साहेबांनी विचारलं, बाई को पहचानते हो? नूरभिया म्हणाले, सूरत से नहीं हुज़ूर, हम सूरत पर नज़र नहीं डालते, ये हमारे धंधे का कायदा है. हाथ दिखाइए. आता बघा, साहेबांनी काय केलं, दारावरची बांबूची चिक पडद्यासारखी खाली सोडली, अलीकडे नूरभिया, पलीकडे आम्ही सहा बायका, मी, काकू आणि बाहेर ताटकळलेल्या आणखी चौघी, आणि एकेकीने चिकेखालून फक्त उजवा हात द्यायचा.

पहिला हात धरला, म्हणाले, ये मेरा नहीं. दुसरा, ये भी नहीं. तिसरा काकूंचा, म्हणाले, ये बड़ी काकी, लाख की चूड़ी माँगेंगी और काँच की ले जाएँगी. साहेब हसले. मग माझा. अंगठ्याच्या मुळाशी त्यांनी बोट ठेवलं, हाडाशी आले आणि थांबले. चिकेच्या फटीतून मला दिसत होतं, त्यांनी डोळे मिटलेले. इतक्या अदबीने माझा हात आजवर कुणी धरला नव्हता हो, लग्नातसुद्धा नाही.

म्हणाले, ये यमुनाबाई. बायाँ सवा दो, दायाँ ढाई. सारे रामबाग में दो नाप का जोड़ा इसी एक का लगता है. इसी चैत में, गौर के हल्दी-कुंकू से एक दिन पहले पहनाया. मैंने पूछा था, कराची में काँच कैसा मिलता था, तो बोलीं, भिया, वहाँ भी फ़िरोज़ाबाद का ही आता था.

साहेबांनी परमिटवरची खूण मोठ्याने वाचली, चैत्रापासून महिने बोटांवर मोजले, आठ झाले, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, शालिनी उर्फ यमुना. मी सही केली. आजही विचार करते, ज्या माणसाने आयुष्यात माझा चेहरा पाहिला नाही, त्याने मला देश दिला, आणि ज्या कागदांवर माझी नावं होती त्यांनी तो नाकारला होता. पण राग जात नाही, तोही लिहा, कारण त्या चौघींपैकी दोघींना असा नूरभिया नव्हता आणि त्या तशाच परत गेल्या.

आता मध्यभारत जाऊन नवं राज्य यायचं म्हणतात, मतदारयाद्या पुन्हा होणार. मी नावनोंदणीची पत्रकं घेऊन दारोदार जाते तर बायका म्हणतात, लिहा गणपतची आई, लिहा मास्तरांची बायको. अहो, गणपतची आई उद्या कुणी ओळखायची? म्हणून हे वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे, विनंती नाही. आज जेवायला बसायच्या आधी घरातल्या प्रत्येक बाईला तिची नावं विचारा, माहेरचं आणि सासरचं, तिच्याच हाताने दोन्ही एका कागदावर लिहवून घ्या, आणि यादीवाला दारात आला की तुम्ही पुढे होऊ नका. तिला बोलू द्या.