सत्तरपैकी एकसष्ट

महालिंग : दिवा लाव की गं तेजस्वी. ह्या उजेडात मला राणीचं नाकसुदिक दिसंना.

तेजस्वी : लावते. पण नाक बघू नका, मामा. मानेपुढची मोकळी जागा बघा.

महालिंग : मला शिकवतीयास व्हय? तू जन्मली न्हवतीस तवापासनं राणीछाप रुपये बघतोय मी.

तेजस्वी : म्हणून तर बोलावलं.

रत्नव्वा : महालिंगा, च्या घेणार का दूध?

महालिंग : काय बी चालंल, आक्का.

रत्नव्वा : काय बी म्हंजे काय?

महालिंग : च्या. पण बस जरा. आल्यापासनं बघतोय, उभीच हाईस.

रत्नव्वा : बसून तरी काय करू.

महालिंग : कधी आलं म्हणालीस हे, कंपनीकडनं तपासून?

तेजस्वी : सोमवारी. विश्वजितच्याच नावावर. कुरिअरवाला म्हणाला, त्यांनाच बोलवा, सही लागते. मी म्हटलं, मी बहीण. तर म्हणाला, मग ते घरी कधी असतात?

महालिंग : मग?

तेजस्वी : मग काही नाही. मी सही केली, त्यानं दिलं.

महालिंग : हं. पेटीवर काय लिवलंय? लई बारीक हाय.

तेजस्वी : एकसष्ट गुण. सत्तरपैकी. घासून साफ केलेलं असलं की ते तसा शेरा मारतात, नाण्याची किंमतच पडते. इथं शेरा नाही. म्हणजे त्यांच्या मते ह्या रुपयाला कुणी कधी घासलेलं नाही.

महालिंग : झालं तर मग. पोरगं खरं बोलत हुतं. माझं चुकलं.

तेजस्वी : नाही चुकलं.

महालिंग : आँ?

तेजस्वी : तुमचं बरोबर होतं, मामा. कंपनीचं चुकलंय.

महालिंग : तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?

तेजस्वी : काल लॅबमध्ये नेलं होतं. आमच्या फौंड्रीत कास्टिंगला चीर गेली की ज्या मायक्रोस्कोपखाली बघतो, त्याच्याखाली ठेवलं, पेटीसकट. प्लॅस्टिक आहे, दिसतं आतलं. हा फोटो बघा. रेघा दिसतात?

महालिंग : रेघा मी तवाच बघितल्या हुत्या. साच्याच्या असतील त्या. टांकसाळीत साचा घासत्यात, त्याच्या रेघा नाण्यावर उठत्यात.

तेजस्वी : उठतात. उठावदार असतात त्या, आणि राणीच्या चेहऱ्यापाशी थांबतात. ह्या खोल आहेत. आणि थांबत नाहीत, गालावरून सरळ पलीकडं जातात. म्हणजे नाणं तयार झाल्यावर कुणीतरी घासलंय. वर परत काळसर थर चढला, म्हणून त्यांना दिसलं नसेल.

महालिंग : कंपनीत तीन-तीन माणसं बघत्यात एक नाणं.

तेजस्वी : तुम्हीच म्हणायचा ना, पेटीवरच्या आकड्यावरनं फक्त बघणाऱ्याची झोप झालीती का न्हाय एवढंच कळतंय?

महालिंग : म्हणत हुतो. आता न्हाय म्हणत. एकसष्ट म्हंजे एकसष्ट.

तेजस्वी : तेव्हा मंडळात सगळ्यांसमोर तर...

महालिंग : काय बोललो ते मला म्हाईत हाय.

रत्नव्वा : मला न्हाय म्हाईत.

महालिंग : जाऊ दे की, आक्का.

रत्नव्वा : काय बोललास रे त्याला?

महालिंग : नाणी मंडळाची बैठक हुती, रविवारची. त्यानं हा रुपया काढला. म्हणाला, देवातला हाय, कुणी हात लावलेला न्हाय. आता बाजारात भंगार विकणारा बी हेच सांगतोय, आज्जीच्या देवातलं हाय म्हणून. मी भिंग लावलं, मला रेघा दिसल्या. मी म्हणालो, घासून आणलंस आणि वर मामाला देव दाखवतोस. आज मला फशिवतोस, उद्या गिऱ्हाइकाला फशिवशील.

रत्नव्वा : म्हणून जेवला न्हवता त्या दिवशी. मी आपली डाळ खारट झाली म्हणून दुसरी केली.

तेजस्वी : त्यानंतर तो मंडळात गेलाच नाही. कंपनीकडून पेटीबंद करून आणतो आणि मामाच्या हातात ठेवतो, म्हणायचा. पाठवलं, आणि पंधरवड्यात आजऱ्याच्या रस्त्यावर...

महालिंग : म्हाईत हाय.

तेजस्वी : म्हणजे तो खोटं बोलला. एवढंच मला नक्की करायचं होतं.

महालिंग : तुला आता नक्की करून काय करायचंय? गेलं न्हवं पोरगं? एकसष्ट आल्यात, घे की गुमान. मी बी घेतो.

तेजस्वी : मला काही वाटतच नाहीये, मामा. तो गेल्यापासून. कामाला जाते, जेवते, झोपही लागते. म्हटलं, निदान एक गोष्ट तरी खरी काय ती माहीत असावी. मग वाटेल काहीतरी.

महालिंग : वाटलं?

तेजस्वी : नाही.

रत्नव्वा : कसल्या रेघा म्हणालीस?

तेजस्वी : काही नाही गं अव्वा.

रत्नव्वा : दाखीव की. हे व्हय? ह्या माझ्या.

तेजस्वी : तुझ्या म्हणजे?

रत्नव्वा : दिवाळीला चोळते की मी. आधी चिंचेचं पाणी, मग विभूती. लिंगपूजेतला विभूतीचा खडा झिजून बारका झाला की त्याची पूड करून ठेवायची. तुझ्या आज्जीनं दावलेलं, राखुंडीपेक्षा मऊ असतीय म्हणून. अंगठ्यानं घासायचं. असं, वरनं खाली.

तेजस्वी : रेघा वरनं खालीच आहेत, मामा.

महालिंग : बघतोय.

तेजस्वी : अव्वा, विश्वजितला माहीत होतं हे?

रत्नव्वा : त्याला कुठलं? तुमच्या आंघोळी होईस्तोवर रुपया परत डबीत. तो नुसता वरनं बेलाचं पान ठेवायचा.

तेजस्वी : मग एवढं भांडण चाललेलं, तू बोलली का नाहीस?

रत्नव्वा : मला कुणी विचारलं? नाण्याचं म्हंजे मामा-भाच्याचं. आणि घासल्यालं वाईट असतंय हे मला काय म्हाईत? जगात समदं घासल्यालंच चांगलं असतंय.

महालिंग : कुणी विचारलंच न्हाय.

रत्नव्वा : च्या निवला बघ तुझा.

महालिंग : असू दे.

तेजस्वी : म्हणजे नाणं घासलेलं होतं. आणि तो खोटं बोलला नव्हता.

महालिंग : दोन्ही. भिंगातनं मला रेघा दिसल्या तेवढ्या खऱ्या. त्या कुणाच्या, ते भिंगात दिसत न्हाय. ते माझं मीच जोडलं. रविवारी सांगतो मंडळात.

तेजस्वी : काय सांगणार?

महालिंग : हेच. पेटीवरचा आकडा चुकीचा, पोरगं बरोबर. हसू देत हसायचं तर.

तेजस्वी : तो नाहीये ऐकायला.

महालिंग : व्हय. न्हाय.

रत्नव्वा : ते उघडतंय का?

तेजस्वी : पेटी? ती उघडायची नसते, अव्वा. फोडावी लागते. फोडली की एकसष्टही गेले.

रत्नव्वा : जाऊ देत. त्यो काय आपला आकडा न्हवं. यंदा दिवाळी केली न्हाय, रुपया बी घरात न्हवता. डबी तेवढी पुसून ठेवली.

महालिंग : तेजस्वी, पक्कड हाय घरात?

तेजस्वी : विश्वजितच्या गाडीच्या सामानात आहे. आणते.

(प्लॅस्टिक कडकन मोडल्याचा आवाज.)

महालिंग : घे, आक्का. हां हां, मधी बोट लावू नगो, कडंला धर...

रत्नव्वा : काय?

महालिंग : काय न्हाय. धर. कसं बी धर.

रत्नव्वा : काळा पडलाय की रे.

महालिंग : व्हय. चिंच हाय का घरात?