शिंप्याचं स्वतःचं माप

मूतखडे फोडायच्या मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. मशीन चालवणारी मुलगी फोटो घेऊन बाहेर आली.

"काका, दोनदा धक्के दिले, तरी खडा जसाच्या तसा आहे. फॉर्मवर वजन ब्याऐंशी लिहिलंय. खरं किती?"

"असेल थोडं इकडेतिकडे."

"एकशे सहा आहे, बाई," बायको म्हणाली. " काट्यावर चढायची लाज वाटली, म्हणून तोंडी सांगितलं. गिऱ्हाईकाची बाही अर्धा इंच चुकली तर कारागिराला फाडून खातात."

"अगं, पोट पुढं, खडा पाठीकडं. त्याचा काय संबंध?"

"काका, पाठही काही मागे राहिलेली नाही. एवढ्या चरबीतून जाताना धक्क्याचा जोर मरतो. आधी कळलं असतं, तर डॉक्टरांनी दुर्बिणीनंच काढला असता."

"म्हणजे दोन महिने कण्हत होतात, ते चोवीस किलो लपवायला."

"चला काका, काट्यावर. आज ऑपरेशनचं ठरवायचंय."

शिंपी वाकून बूट काढू लागला.

"घड्याळ काढा, किल्ल्याही काढा," बायको म्हणाली. " खडा तेवढा आत राहू दे."