फोटोत न आलेली भेग

ओढला पडदा? आता बसा. बसा हो, आज तुमचं काम नाही.

पाहिलंत ना सगळ्यांनी? सत्कारमूर्ती स्वतःच्या सत्कारातून उठले, व्यासपीठामागच्या खिडकीचा पडदा ओढून आले आणि परत जागेवर बसले. मागून उजेड आला की पुढची माणसं काळी येतात. तिकडे ट्रायपॉडवर कॅमेरा आहे, तो चालवणाऱ्या ताईंच्या हे लक्षात आलं नव्हतं. यांच्या आलं.

आजच्या अध्यक्ष, आपल्या मुख्य अभियंता मॅडम. व्यासपीठावरचे आस्थापना अधिकारी आणि कर्मचारी संघटनेचे सचिव. पूल तपासणी विभागातले माझे सहकारी. ज्यांच्या निवृत्तीच्या सत्कारासाठी आपण जमलो ते आपले छायाचित्रकार. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. पहिल्या रांगेतली त्यांची मुलगी आणि जावई. आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले तुम्ही सगळे. नमस्कार.

विभागप्रमुख म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत.

यांना इथे कुणी नावाने हाक मारत नाही. तरुण मंडळी ‘थांबाकाका’ म्हणतात. कारण उघड आहे. आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात जे ओळखपत्र आहे त्यावरचा फोटो यांनी काढलाय, आणि तो काढताना प्रत्येकाला ऐकावं लागलंय, “थांबा. हनुवटी खाली. थांबा, अजून नाही.” सचिवसाहेबांना तर पाच वेळा बसवलं होतं. शेवटी सचिव वैतागून म्हणाले, “काका, माझा चेहरा असाच आहे.” काका म्हणाले, “चेहऱ्याबद्दल मी काही बोललोच नाही. चष्म्यात ट्यूबलाइट दिसतेय.”

हसा. घरीही तेच आहे. वहिनी मघाशी सांगत होत्या, की जावईबापूंनी मोबाइल वर केला की हे ताटावरून उठतात आणि सगळ्यांच्या जागा बदलायला लावतात. वहिनींचे शब्द सांगतो: “लग्नात मला यांनी एवढं निरखून पाहिलं नव्हतं, जेवढं खिडकीला पाहतात.”

तर हे झाले काका. आता कामाविषयी थोडं बोलतो.

एकतीस वर्षांपैकी पंचवीस वर्षं त्यांनी पुलांखाली काढली. आम्ही अभियंते वर रस्त्यावर उभे राहायचो, हे खाली चिखलात उतरायचे. मी या विभागात नवा आलो तेव्हा त्यांनी मला कॅमेरा समजावून सांगितला होता. मला त्याची गरज नव्हती, पण जीपमध्ये दुसरं करायला काही नव्हतं. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला सांगितला. म्हणाले, भिंगातून आलेला उजेड आत आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि तिथून तुमच्या डोळ्यात. मध्ये कुणी नाही. इथे दिसतं ते खरंच तिथे असतं.

मी म्हटलं, मग फोटोतही तेच येणार.

“नाही ना साहेब. तिथेच तर सगळे फसतात.”

डोळा सावलीतलंही पाहतो आणि आकाशही पाहतो. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम जमत नाही. समोर मोठं आकाश असलं की तो घाबरतो, उजेड कमी करतो आणि पुलाची खालची बाजू काळी ठिक्कर पडते. म्हणून त्याला सांगावं लागतं, की आकाश जाऊ दे, तू सावली बघ. एक्स्पोजर दोन घरं वाढवायचं. आकाश पांढरं फटक येतं, येऊ द्यायचं. आकाशाचा अहवाल कुणी मागत नाही.

व्हिडिओचंही त्यांनी सांगितलं होतं. व्हिडिओ चालू असताना तो आरसा वरच उचललेला राहतो. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिलं तर मिट्ट काळोख. मागच्या पडद्यावर लाल ठिपका दिसतो तेवढीच खूण. आणि सुरू करायचं बटण तेच, बंद करायचंही तेच.

माझी पाच मिनिटं संपत आली असतील. मॅडम, मला थोडा जास्त वेळ लागेल.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं मालधक्क्याजवळच्या पादचारी पुलावर गेलो होतो. वेळ दुपारी अडीचची. त्या दिवसाचा तो तिसरा पूल. यांनी खालून फोटो काढले. नंतर नियमाप्रमाणे तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हिडिओ काढला आणि वर आले. कॅमेरा गळ्यात होता. म्हणाले, “साहेब, मधल्या तुळईला भेग आहे. मी व्ह्यूफाइंडरमधून पाहिली. फोटोत येत नाहीये, काळं आलंय. एक्स्पोजर वाढवून परत काढतो. दहा मिनिटं थांबा.”

मी म्हटलं, दाखवा. त्यांनी खालीच मोबाइलवर उतरवून घेतलेला फोटो दाखवला. काळा होता. मी म्हटलं, यात कुठे भेग आहे?

ते म्हणाले, “यात नाही. तिथे आहे.”

मी म्हटलं, “मी फोटोवर सही करतो, तुमच्या डोळ्यावर नाही. चला.”

मला चार वाजता बैठकीला पोहोचायचं होतं. बैठक कशाची होती ते आता आठवत नाही. हे खरंच आठवत नाही.

एकोणीस दिवसांनी त्या तुळईचा तुकडा खाली पडला. पुलाखाली सायकल दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. तो चाकाचे आरे घट्ट करत होता. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. मी त्याला एकदा रुग्णालयात पाहिलं. त्याने मला विचारलं, ती सायकल ज्याची होती तो घेऊन गेला का. मी म्हटलं, चौकशी करतो. केली नाही.

मला तेव्हा काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी घरी गेलो, जेवलो, झोपलो. सकाळी दाढी केली. लोक म्हणतात झोप उडते. माझी उडाली नाही.

चौकशी समिती बसली. समितीने यांना विचारलं, या छायाचित्रात भेग दिसते का? हे म्हणाले, नाही. समितीने विचारलं, व्हिडिओ कुठे आहे? अहवालात ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलं होतं. ते मीच लिहायला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी हे म्हणाले होते, “साहेब, बटण उलटं पडलं वाटतं, तुळईचा व्हिडिओ आलेला नाही.” मी म्हटलं, तसं लिहा.

मग समितीने मला एकच प्रश्न विचारला. छायाचित्रकाराने जागेवर काही सूचना केली होती का?

मी म्हटलं, आठवत नाही.

लिपिकाने ते लिहून घेतलं. यांच्या सेवापुस्तिकेत शेरा आला, सदोष छायाचित्रणामुळे दोष निदर्शनास आला नाही. यांना पुलांवरून काढलं आणि तळमजल्यावरच्या खोलीत बसवलं. पांढरी भिंत, एक स्टूल, एक दिवा. सहा वर्षं ओळखपत्रांचे फोटो. मी दोन पायऱ्या वर चढलो. माझ्या नव्या पदाच्या ओळखपत्राचा फोटोही यांनीच काढला, दोन्ही वेळा. “थांबा, हनुवटी खाली.” दुसरं काहीही बोलले नाहीत.

मॅडमनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘आवरतं घ्या’ असं लिहिलंय. घेतो, मॅडम.

आज सकाळी साडेदहाला हे माझ्या खोलीत आले. कार्यालयाचा कॅमेरा परत करायचा होता. बॅग, चार्जर, दोन भिंगं, सगळं यादीप्रमाणे टेबलावर मांडलं. शेवटी खिशातून एक मेमरी कार्ड काढून ठेवलं. म्हणाले, “हे यादीत नाही. पण कार्यालयाचं आहे. पुसून देऊ का असंच देऊ, तेवढं सांगा.”

मी विचारलं, काय आहे यात?

“सात मिनिटांचा व्हिडिओ आहे. मालधक्क्याचा पूल.”

मी म्हटलं, तो तर आला नव्हता.

“तुळईचा नाही आला. सुरू करताना बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. बंद करायला म्हणून दाबलं तेव्हा ते सुरू झालं. माझ्या शर्टाची बटणं आहेत, तुमचे बूट आहेत. बाकी आवाज.”

आम्ही तो पाहिला. खरं म्हणजे ऐकला. एक निळा शर्ट हलतो आहे. मध्येच रस्ता, मध्येच जीपचं दार. आवाज मात्र स्वच्छ आहे. यांचं ‘भेग आहे’ आहे. ‘दहा मिनिटं थांबा’ आहे. माझं वाक्य आहे. माझा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा बारीक आहे.

मी विचारलं, चौकशीत का दिलं नाहीत?

“मला फोटोबद्दल विचारलं. फोटोत भेग नव्हती, तसं सांगितलं. सूचनेबद्दल तुम्हाला विचारलं होतं.”

मग सहा वर्षं ठेवलंत कशाला?

“पुसा असं कुणी सांगितलं नाही.” मग म्हणाले, “पहिलं वर्षभर वाटायचं, तुम्ही बोलाल. नंतर वाटायचं बंद झालं. नंतर ते कपाटात होतं एवढंच.”

मी म्हटलं, कार्ड इथे ठेवा. ते म्हणाले, बरं. जाताना खुर्ची आत सरकवून गेले.

वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं का, हे मला ठाऊक नाही. तुमच्या चेहऱ्यावरून वाटतं, माहीत होतं. ताई, तुमच्या बाबांना लोकांनी काय काय विचारलं असेल, याचा अंदाज मला आहे. अंदाजच आहे.

उद्या यांची सेवापुस्तिका बंद होईल. शेऱ्यासकट झाली तर पुढे कुणी ती उघडत नाही. कार्ड या क्षणी माझ्या खिशात आहे. सकाळपासून ते पुसायचा विचार माझ्या मनात दोनदा आला. दुसऱ्यांदा मी कॅमेऱ्यात घालून त्या बटणापर्यंत गेलो होतो. कॅमेरा विचारतो, सगळं पुसायचं का? हो किंवा नाही. बराच वेळ काही केलं नाही की पडदा आपोआप विझतो. तो विझला. एवढंच झालं. मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. म्हणून इथे सर्वांसमोर बोलतो आहे. आता ते पुसून उपयोग नाही.

कॅमेऱ्यामागच्या ताई, तो लाल ठिपका दिसतोय ना? दिसतोय म्हणतात.

मग नीट सांगतो. मालधक्क्याच्या पुलावर छायाचित्रकारांनी मला भेगेची सूचना केली होती. मी ती ऐकली होती. समितीपुढे मी खोटं बोललो. मला आठवत होतं.

काका, तुम्ही मान खाली घालू नका. ती मी घालायची आहे.

आभार मानायचं काम माझ्याकडेच दिलंय, तेही उरकतो. अध्यक्ष मॅडमचे आभार, त्यांनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही. सभागृह देणाऱ्या प्रशिक्षण शाखेचे आभार. सचिवसाहेब, पुष्पगुच्छ तुम्हीच द्या, माझ्या हातून नको. ज्यांनी उभं राहून ऐकलं त्यांचे आभार. शेवटी वक्ता म्हणतो, बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. माझ्या बोलण्यात जे चुकलं असेल तेवढं घाला. बाकीचं घालू नका.

नमस्कार.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी आस्थापना शाखेत कार्ड आणि दीड पानाचा जबाब दिला. लिपिकाने कार्डाची पोच लिहिली. शेरा रद्द व्हायला चार महिने लागतील, म्हणाला. माझं नाव कुठे घ्यायचं ते त्याला कळेना. शेऱ्याच्या जुन्या नमुन्यात ‘जबाबदार कर्मचारी’ अशी एकच ओळ होती आणि ती काकांच्या नावाने भरलेली होती. तो आत जाऊन विचारून आला. मग त्याने पट्टी ठेवून काकांच्या नावावर रेघ मारली आणि त्याच्या वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात माझं लिहिलं.